हाल्लं की पळायचं

सदर कर्मचाऱ्याचे नाव श्रीमती सिंधु सुदर्शन सोळुंके. वय अंदाजे बत्तीस. जन्माचा दाखला मूळ गावी ढिगाऱ्याखाली गेला असल्याने खात्री करता येत नाही. शिक्षण बारावी नापास, तदनंतर बालवाडी प्रशिक्षण पास. पद बालवर्ग शिक्षिका. नेमणूक तात्पुरती, वर्षानुवर्षे. बांधा मध्यम, वर्ण सावळा, आवाज बांध्याच्या मानाने मोठा. वर्तणूक समाधानकारक. शेरा : सदर कर्मचारी छताखाली बसून शिकवीत नाही.

असं कुठल्या फायलीत लिहिलेलं नव्हतं. पण संस्थेचे अध्यक्ष माधवराव यांना कुणी सिंधुबाईंविषयी विचारलं असतं, तर त्यांनी हे असंच्या असं तोंडी सांगितलं असतं. माधवराव शिक्षण खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांची भाषा अजून नोकरीत होती.

शाळा लातुरात, औसा रोडच्या आतल्या बाजूला. खाली शाळा, वर स्लॅबचा नवा मजला. बालवर्गाला खाली एक खोली दिलेली होती, पण वर्ग भरायचा अंगणात, कडुलिंबाच्या झाडाखाली. उन्हाळ्यात सावली सरकेल तशी बाई सतरंजी सरकवायच्या. पावसाळ्यात पडवीच्या पत्र्याखाली. पत्र्याचं त्यांना वावडं नव्हतं. पत्रा पडला तर खोक पडते, माणूस उरतो, असा त्यांचा साधा हिशेब होता.

भूकंपाला तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती. बाईंचं सासर औसा तालुक्यात. त्या रात्री घरात पाहुणे मावत नव्हते म्हणून सिंधु ओट्यावर निजली होती, आणि नवरा सुदर्शन गणपती बुडवून पोरांबरोबर वेशीपाशीच रेंगाळला होता. आत निजले ते पाहुणे, सासू, सासरे आणि धाकटी नणंद. पुढचं सांगायला सिंधुबाई कधी बसल्या नाहीत. लातूर जिल्ह्यात त्याची गरजही पडत नाही.

एकदा संस्थेचा इंजिनियर त्यांची समजूत घालायला आला होता. "बाई, पडली ती माळवदं. दगडमातीची, वरून दोन हात मातीचा थर. हा आरसीसी स्लॅब आहे. याला काही होत नाही."

"आमचा सासरा माळवदाला आसंच म्हणायचा, सायेब," बाई म्हणाल्या. "तोफ लावा म्हणायचा."

इंजिनियर चहा पिऊन गेला.

तर या वर्गात गमभनच्या आधी एक धडा होता. धडा कसला, खेळच. पोरं पाटीवर रेघा ओढत असोत नाहीतर डबा खात असोत, बाई मध्येच ओरडायच्या, "हाल्लं!" की सगळं टाकून मोकळ्या अंगणात पळायचं आणि डोक्यावर हात घेऊन उकिडवं बसायचं. पाटी राहिली तर राहू द्यायची. डब्यात शिरा असला तरी राहू द्यायचा. ही पोरं सगळी भूकंपानंतर जन्मलेली. त्यांच्या दृष्टीनं भूकंप म्हणजे आई-बाप ज्याच्या आधी किंवा नंतर असं सांगतात ते, आणि हा खेळ. खेळ त्यांना लई आवडायचा.

मधल्या काळात लातूर दुसऱ्याच कारणानं नावाजलं होतं. बोर्डाच्या यादीत लातूरची पोरं वर, मेडिकलच्या यादीत लातूरची पोरं वर. मग नांदेडपासून सोलापूरपर्यंतचे पालक पोरांच्या गाद्या ट्रकात घालून लातूरला आणू लागले. ज्याच्याकडे रिकामी खोली तो खोलीमालक झाला, आणि ज्याच्याकडे फळा तो प्राध्यापक. माधवरावांनी वरचा मजला गुरुलिंग सरांना दिला. गुरुलिंग सर बारावीचं फिजिक्स शिकवायचे आणि उत्तम शिकवायचे. बॅच सुटली की दीडदोनशे पोरं एकदम बाक मागं ढकलायची आणि जिन्यावरून धाडधाड उतरायची. खालच्या भिंती थरथरायच्या. लिंबाखाली ते फक्त ऐकू यायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत गुरुलिंग सरांना एक विचार सुचला. बारावीचा पाया दहावीत घालतात, दहावीचा आठवीत. मग आठवीचा पाया कुठं? सरांनी उतरत उतरत तो बालवर्गापर्यंत आणला. त्याखाली जायला जागा नव्हती. 'पाया वर्ग' असं नाव ठरलं, शनिवारी पालकांचा मेळावा ठरला. माधवरावांनी सोमवारी सकाळी सिंधुबाईंना ऑफिसपाशी बोलावलं. ऑफिसपाशी म्हणजे ऑफिसच्या खिडकीपाशी, बाहेरून. त्यांच्याशी सगळा पत्रव्यवहार त्या खिडकीतूनच चालायचा.

"सिंधुबाई, शनिवारी पालक येणार. मुलं खोलीत, बाकावर, हाताची घडी घालून तासभर बसलेली दिसली पाहिजेत. ते जमलं तर वर्ग तुमच्याकडे राहील. नाहीतर नांदेडच्या एक मॅडम यायला तयार आहेत. मनस्विनी मॅडम. कोर्स झालेला आहे त्यांचा."

"झाडाखाली बसतेत की सर, तासभर."

"झाडाखाली पाया दिसत नाही, बाई."

बाईंना त्या वर्गाशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. गावाकडे रान होतं, पण घर नव्हतं. सुदर्शन मोंढ्यात मापाडी होता, त्याचं चाललं होतं. प्रश्न पोटाचा कमी आणि सकाळचा जास्त होता : सकाळी उठून त्या पंचवीसेक पोरांकडे जायचं नसेल, तर सहा वर्षांत दाबून ठेवलेलं सगळं त्या रिकाम्या सकाळी वर येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून त्याच सोमवारी वर्ग आत गेला. भिंतीवर हत्ती, विमान आणि संस्थापकांचा फोटो. पोरं बाकांवर चढली, बाकांखाली गेली, शेवटी बसली. बाईंनी आपली खुर्ची उंबऱ्यावर ठेवली, पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, आणि तिथून शिकवायला लागल्या.

शाळेच्या सेविका नीलाबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या, ती खुर्ची बघून थांबल्या. "बाई, ह्ये बरंय. शाळेत बी हायेत आन् न्हाई बी. हजेरी कशी लावायची, अर्धी का?"

"कळशी ठिवा नीलाबाई. वाट आडवू नका."

"आडवते कशाला? तुमची वाट म्या आडवली तर तुम्ही मलाच तुडवून जाल."

तेवढ्यात वरची बॅच सुटली. बाक सरकले, जिना धडधडला, आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत पंचवीस पोरं खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी वाहत अंगणात जाऊन डोक्यावर हात घेऊन बसली. बाई त्यांच्या आधी पोचल्या होत्या. नीलाबाईंची कळशी सांडली.

दिवसभरात बॅचा बऱ्याच सुटतात. मंगळवारी दुपारी गुरुलिंग सर स्वतः खाली आले. शुभ्र शर्ट, खिशात तीन रंगांचे पेन. "बाई, कमाल आहे. माझी पोरं बाहेर पडतात तर तुमची त्यांच्या आधी बाहेर. पालकांना काय दाखवणार आपण? पळण्याचा पाया?"

"तुमची जरा हळू उतरली तर, सर?"

"मेडिकलला जायची पोरं आहेत, बाई. त्यांना हळू परवडत नाही."

संध्याकाळी भाकरी थापताना बाईंनी सुदर्शनला सांगितलं. तो पोत्यांच्या धुळीनं पांढरा होऊन आला होता, हातपाय धुऊन पत्र्याच्या भिंतीला टेकून बसला होता.

"मंग बसव की पोरं," तो म्हणाला.

"कशी बसवू? म्याच पळायला शिकवलंय."

"शिकवलंय तर शिकवलेलं पुसता बी येत आसंल. पाटी पुसतीस तसं."

"लई शाना हायेस. तुझ्यासमोर पोतं ठिवून 'मापू नको' म्हणलं तर राहशील का?"

सुदर्शननं विचार केला. "न्हाई राहणार," तो म्हणाला. "पण कुणी पैज लावली तर राहीन."

बुधवारी बाईंनी नवा खेळ काढला. नाव ठेवलं 'दगड'. बाकावर बसायचं, हाताची घडी घालायची, आणि दगड व्हायचं. वरून आवाज आला, दगड. माशी बसली, दगड. जो हलला तो बाद, आणि बाद झालेल्यानं दिवसभर 'मी गाढव' म्हणायचं. पोरं पहिल्या आवाजाला पळाली आणि दारातच आठवण होऊन परत आली. दुसऱ्या आवाजाला निम्मी बसली. यज्ञेश नावाचा एक चळवळ्या पोरगा सारखा बाद व्हायचा आणि आनंदानं 'मी गाढव' म्हणायचा; त्याला तो हुद्दा वाटायचा. आरती मात्र सकाळपासून जी दगड झाली ती डबा खायच्या सुट्टीतही उठेना. तिला बाई आणि नीलाबाई अशा दोघींनी धरून उठवलं.

गुरुवारी दिवसभरात एकही पोर पळालं नाही. बॅच सुटली तेव्हा बाई मात्र खुर्चीवरून उठून अंगणात जाऊन आल्या. पाय आपले आपण गेले. परत आल्या तेव्हा पंचवीस दगड त्यांच्याकडे बघत होते.

"बाई बाद!" यज्ञेश म्हणाला.

"बाई मी गाढव म्हणा," आरती ओठ न हलवता म्हणाली.

बाईंनी म्हटलं.

शुक्रवारी त्यांनी शेवटची परीक्षा घेतली. शनिवारी कुणी काही बोललं, कुठून काही वाजलं, तर काय सांगावं? म्हणून पोरांना बजावलं, "आता मी फशिवणार हाय बरं का. मी 'हाल्लं' म्हणलं तरी हालायचं न्हाई. मी सोता म्हणलं तरी. जो फसला तो बाद." मग उंबऱ्यावर उभं राहून, सहा वर्षं ज्या आवाजात त्या ओरडत आल्या होत्या त्याच आवाजात, ओरडल्या.

एकही पोर हललं नाही. यज्ञेशसुद्धा. सगळे गालात हसत होते.

माधवराव खिडकीतून बघत होते. "उत्तम," ते म्हणाले. "अपेक्षेपेक्षा समाधानकारक."

बाईंना बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण भाकरीच्या घासात खडा लागावा तसं काहीतरी मध्येच लागत राहिलं. त्यांनी ते गिळून टाकलं. वर्ग राहणार होता.

शनिवारी गुरुलिंग सरांनी वरच्या बॅचला सुट्टी दिली. खोलीत पुढे बाकांवर पोरं, मागे दाराच्या बाजूला खुर्च्यांवर पालक, फळ्याजवळ टेबलामागे माधवराव आणि सर. माधवरावांचा नातू गंधार याच वर्गात, पहिल्या बाकावर. बाई उंबऱ्यावर. वीज गेलेली होती. त्यात विशेष काही नव्हतं. पोरांनी कविता म्हटली, अंक म्हटले, हाताची घडी घातली. पालकांत कुजबुज झाली, आमचं घरी एक मिनिट बसत नाही हो. मग गुरुलिंग सर उठले. माधवरावांच्या पायांना नव्या चपला लागत होत्या, त्या त्यांनी टेबलाखाली हळूच काढून ठेवल्या, कारण सर बोलायला उभे राहिले की वेळ लागतो.

"पालकहो," सर म्हणाले, "इमारत किती मजली आहे याला महत्त्व नाही. पाया—"

पंखा बंद होता, आणि हलत होता.

पहिल्यांदा ते पाहिलं आरतीनं. "बाई," ती म्हणाली, "पंखा हालायलाय."

संस्थापकांचा फोटो भिंतीवर टकटक वाजला. वर कुणी नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचं व्हायला सांगायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. खुर्च्या पडल्या. दार एकच. आयांची धाव पोरांकडेच होती, पण मागून आलेल्या लोंढ्यानं त्यांना उलटं उचलून अंगणात नेऊन टाकलं. गुरुलिंग सर टेबलावरून आले की टेबलाच्या बाजूनं, यावर नंतर दोन मतं होती. माधवराव अनवाणी आले. आणि या सगळ्यांच्या आधी, लिंबाच्या पलीकडे, मोकळ्या जागेत सिंधुबाई उभ्या होत्या. डोक्यावर हात घेऊन उकिडवं बसायच्या बेतात त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

आजूबाजूला मोठी माणसं होती. पोर एकही नव्हतं.

बाई दारापाशी परत धावल्या आणि ओरडल्या, "हाल्लं! हाल्लं रे! पळा!"

आत पंचवीस पोरं हाताची घडी घालून बसली होती. बाईंचा आवाज ऐकून ती गालात हसली. यज्ञेश जरा चुळबुळला, तर शेजारच्या आरतीनं डोळे वटारले. खिडकीतून कुणाची आई नाव घेऊन हाका मारत होती; त्या पोरानं आईकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि घडी आणखी घट्ट केली. इतके सगळे मिळून फसवायला लागले म्हणजे आज खेळ मोठा होता.

बाईंना तेव्हा कळलं की आता त्यांच्याकडे पोरांना सांगायला एकही शब्द उरलेला नाही. होता तो त्यांनीच काल खोटा केला होता.

त्या आत गेल्या. उंबरा ओलांडला, खुर्ची पायानं बाजूला सारली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा स्लॅबखाली उभ्या राहिल्या. वर बघितलं नाही. पहिल्या बाकावरची आरती आणि गंधार यांचे हात धरले, घड्या सोडवल्या. "चला. आगगाडी करायची. एकमेकांचे सदरे धरा."

"खेळ संपला का बाई?" आरतीनं संशयानं विचारलं. "का फशिवताव?"

"संपला ग माय. खरंच संपला. मीच बाद हाय."

आगगाडी बाहेर निघाली. पंखा केव्हाचा थांबला होता. शेवटच्या डब्यातलं पोर अंगणात येईपर्यंत बाई दाराशी आतल्या बाजूला उभ्या होत्या, आणि मग नीलाबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. पाणी दिलं.

गंधार आगगाडीतून सुटून परत आत गेला होता. तो आजोबांपाशी येऊन उभा राहिला. "आजोबा, तुमच्या चपला आत राहिल्या होत्या," असं म्हणून त्यानं त्या त्यांच्या पायांपुढे जोडून ठेवल्या. माधवरावांनी त्या घातल्या. त्यांच्या खात्याच्या भाषेत या प्रसंगासाठी शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर सौम्य धक्का आणि नागरिकांनी घाबरू नये अशा चार ओळी होत्या. मेळावा मात्र शनिवारीच अंगणात पूर्ण झाला. चिवडा वाटला गेला. गुरुलिंग सरांनी भाषण जिथं तुटलं होतं तिथूनच धरलं, आणि एक नवा मुद्दा घातला, तो असा की अशा प्रसंगी आपण सारे विचलित झालो, पण आपले पाल्य झाले नाहीत. एकाग्रता म्हणतात ती हीच. पालकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी पोरांना मांडीवर घट्ट धरून वाजवल्या, त्यामुळे आवाज कमी आला. 'पाया वर्गा'ची नावनोंदणी त्याच दुपारी भरली.

सोमवारी माधवरावांनी बाईंना बोलावलं. बाई नेहमीसारख्या खिडकीबाहेर उभ्या राहिल्या.

"आत या ना. परवा तर आलात," माधवराव म्हणाले.

"परवा पोरं आत होती, सर."

माधवरावांनी चष्मा पुसला. "पालक समाधानी आहेत. तुमच्या कायम नेमणुकीचा ठराव मांडतो. अट एकच. खोलीत बसायचं आणि हीच शिस्त पुढे चालू ठेवायची."

"ती शिस्त न्हवती, सर. चूक होती माझी."

"चूक कशी? एकही मूल हललं नाही."

"तेच की."

वर कुठलीतरी बॅच लाटांचा सिद्धांत शिकत होती.

"आपुन सगळे पळालो," बाई म्हणाल्या. "तुम्ही, मी, वरचे सर. कुणी कुणाला बोलायचं कारण न्हाई, जीव हाय. पर ती पळाली न्हाईत, कारण मला वर्ग ठिवायचा होता. आता परत शिकवायलेय मी त्यांना. आज सकाळपासून."

"किती दिवस लागतील?"

"मोडलेलं हाड बसायला लागतेत तितके. पहिल्यांदा शिकवलं तेव्हा सोपं होतं. आता इचारतेत, खरं का खोटं."

"आणि वरची बॅच सुटली, की पुन्हा सगळी बाहेर?"

"हाव. सगळी."

"बघू," माधवराव म्हणाले.

सरकारी भाषेत 'बघू'चा अर्थ काय होतो हे बारावी नापास माणसालाही माहीत असतं. बाई लिंबाखाली परत गेल्या. मार्च आणि एप्रिल त्यांनी पोरांना दुसरं फारसं काही शिकवलं नाही. 'हाल्लं' हा शब्द पोरं आता मानेनात, म्हणून तो सोडून दिला. बाक वाजला, ताट पडलं, नीलाबाईंनी बादली आपटली, की न विचारता उठायचं. बाईंकडे बघायचं नाही, आईकडे बघायचं नाही, खाली बघत पळायचं. नीलाबाईंनी त्या दोन महिन्यांत बादल्या फार आपटल्या. एकीला पोचा आला. यज्ञेश पहिल्या आठवड्यात शिकला. आरतीला एप्रिल संपत आला. ती शेवटपर्यंत आधी बाईंच्या तोंडाकडे बघायची, आणि बाई तोंड फिरवायच्या.

मे महिन्यात सिंधुबाईंचं काम थांबलं. जूनपासून त्या रोज सकाळच्या एस.टी.नं लातूरजवळच्या मुरुडला जायला लागल्या. तिथं पत्र्याच्या एका खोलीत नवी बालवाडी निघाली होती आणि कुणी बाई मिळत नव्हती. इकडे नांदेडच्या मनस्विनी मॅडम रुजू झाल्या; वर्गात पोरं तीच होती. खोलीला फिकट निळा रंग दिला, संस्थापकांचा फोटो दोन खिळ्यांवर पक्का केला. संस्थेच्या वार्षिक अहवालात माधवरावांनी स्वतः एक परिच्छेद घातला, की पूर्वीच्या तात्पुरत्या शिक्षिकेच्या कार्यकाळात बालवर्गात कोणतेही नियोजनबद्ध अध्यापन झाल्याचे दिसून येत नाही, सबब विद्यार्थ्यांवर त्याचा कोणताही परिणाम आढळत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी बाक ओढला. मॅडम फळ्याकडून वळल्या तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.